नव्या आईवडिलांचे आणि तान्ह्या मुलांचे मनःस्वास्थ्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न बहुधा बाळाचे वजन करून झाले, लस टोचून झाली आणि दवाखान्यातून उठायची वेळ आली की, दबक्या आवाजात विचारले जातात. ही उत्तरे तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. तपासणीला कधी जावे आणि तिथे काय सांगावे, हे ठरवायला मात्र त्यांचा उपयोग व्हावा.

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांतच सारखे रडू येऊ लागले आहे. हे नैराश्य समजायचे का?

बहुधा नाही. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होणारे, चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वाधिक जाणवणारे आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरणारे हळवेपण निम्म्याहून अधिक बाळंतिणींच्या वाट्याला येते. वार (प्लॅसेंटा) पडल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते, त्याच सुमारास दूध उतरते, टाके दुखत असतात आणि सलग झोप मिळालेली नसते. अशा वेळी कोणी प्रेमाने विचारपूस केली तरी डोळे भरून येतात आणि थोड्या वेळाने हसूही येते. मन असे मधून मधून मोकळे होत असेल, तर औषधाची गरज नसते. विश्रांती, वेळेवर जेवण आणि ‘रडू नकोस’ असे न सांगणारे माणूस जवळ असले की पुरते. दोन आठवडे उलटूनही मन उभारी धरत नसेल, तर मात्र डॉक्टरांना सांगावे.

मग नैराश्य कशावरून ओळखायचे?

थकवा आणि अपुरी झोप प्रत्येकीच्याच वाट्याला येत असल्यामुळे नुसत्या थकव्यावरून काही ठरवता येत नाही. त्याऐवजी स्वतःला असे विचारावे की, बाळ शांत झोपलेले असताना आणि त्याच्याजवळ दुसरे कोणी बसलेले असताना तरी मला झोप लागते का? अंग दुखत असूनही डोळे टक्क उघडे राहत असतील, मनात तीच ती काळजी घोळत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याही गोष्टीत रस वाटत नसेल, ‘माझ्यामुळे बाळाचे हाल होतात, त्याला दुसरी आई मिळायला हवी होती’ असे वाटत असेल आणि हे दिवसाचा बराचसा भाग, दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर ते नैराश्य असण्याची शक्यता मोठी आहे. प्रत्येक नैराश्य रडके नसते, हेही ध्यानात ठेवावे. काही जणींना रडूच येत नाही. ‘डोकं बधिर झालंय’, ‘काही सुचत नाही’ एवढेच त्या सांगतात. काहींच्या बाबतीत ते सततच्या चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते आणि घरातले लोक त्याला स्वभावदोष समजून मोकळे होतात.

१९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिनबरा प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. तिच्यात मागील सात दिवसांविषयी दहा प्रश्न असतात आणि ० ते ३० पर्यंत गुण मिळतात. गुण १० किंवा १३ अथवा त्याहून अधिक असल्यास (ही मर्यादा ठिकठिकाणी वेगळी धरतात) सविस्तर तपासणी करतात. भूक आणि थकवा यांविषयीचे प्रश्न तिच्यात मुद्दामच घेतलेले नाहीत, कारण बाळंतपणानंतर ते कोणाचेच पूर्ववत नसतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी त्याविषयी बोलायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यत्वे नैराश्य. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते. यातील पुष्कळ स्त्रियांचे नैराश्य गरोदरपणातच सुरू झालेले असते आणि ते ‘दिवस भरत आले की असे होतेच’ या समजुतीखाली झाकले जाते.

रक्ततपासणीचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि ती पुष्कळदा राहून जाते. प्रसूतीनंतरच्या वर्षभरात काही स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथीला सूज येते. आधी धडधड, घाम, बेचैनी आणि नंतर सुस्ती, उदासपणा, केस गळणे असा तिचा क्रम असू शकतो. प्रसूतीत जास्त रक्त गेले असल्यास हिमोग्लोबिन उतरलेले असते. ही दोन्ही कारणे साध्या तपासणीत सापडतात आणि त्यांवर उपचार आहेत. मात्र अहवाल निर्दोष आला म्हणून ‘तुला काही झालेले नाही’ असा निष्कर्ष काढू नये. नैराश्य रक्तात दिसत नाही.

मी काही चुकीचे केले म्हणून असे झाले का?

नाही. पूर्वी कधी नैराश्य आलेले असणे, घराण्यात मानसिक आजार असणे, गरोदरपणातील चिंता, घरातील मारहाण किंवा मानहानी, पैशांची ओढाताण, अवघड प्रसूती, अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि हक्काचे माणूस जवळ नसणे, या गोष्टींमुळे धोका वाढतो. यांतील एकही गोष्ट आईने निवडलेली नसते. यांपैकी काहीही नसताना, हवेहवेसे मूल झाल्यावरही आजार होतो.

बाळाला काहीतरी भयंकर होईल, किंवा माझ्याच हातून त्याला इजा होईल, असे विचार मनात येतात. मी वेडी होत चालले आहे का?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत जास्त जणींना पडलेला असतो. जिना उतरताना बाळ हातातून निसटल्याचे चित्र डोळ्यांसमोर येणे, त्याला आंघोळ घालताना ‘मी याला पाण्यात सोडले तर?’ असा विचार चमकून जाणे, भाजी चिरताना सुरीकडे पाहून अंगावर काटा येणे, असे नकोसे विचार बहुसंख्य नव्या आयांना आणि अनेक वडिलांनाही येतात. आपणच मुद्दाम इजा करू, अशा स्वरूपाचे विचारही पुष्कळ जणांना येतात. ते कोणी बोलून दाखवत नाही, एवढेच. बाळाच्या रक्षणासाठी मेंदू सतत धोके हुडकत असतो आणि त्या भरात कधी कधी तो स्वतःलाच धोका समजू लागतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की, या विचारांनी तुम्ही हादरता, त्यांची किळस वाटते, ते टाळायला तुम्ही धडपडता. हादरून जाणे हीच खूण आहे की तो विचार तुमच्या इच्छेविरुद्ध येत आहे. नुसता असा विचार येण्याने बाळाला धोका वाढत नाही. मात्र तुम्ही घरातल्या सुऱ्या लपवून ठेवू लागला असाल, आंघोळीचे काम कायमचे दुसऱ्याकडे दिले असेल, रात्रीतून वीस वेळा उठून बाळाचा श्वास पाहत असाल किंवा एकटे राहायला घाबरत असाल, तर तो चिंतेचा किंवा मंत्रचळाचा (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा) आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. विचार दाबून टाकण्याचा खटाटोप करू नये. दाबलेला विचार दुप्पट जोराने येतो. ‘आला, तसा जाईल’ असे म्हणून हातातले काम चालू ठेवणे हे अवघड असले तरी उपयोगी पडते आणि ते उपचारांत शिकवलेही जाते.

कोणत्या लक्षणांत एक तासही वाट पाहू नये?

वरील विचारांच्या नेमके उलट घडू लागले, म्हणजे बाळाला इजा करणे योग्यच आहे, तशी आज्ञा होत आहे, बाळ आपले नाही, त्याला कोणी बदलले आहे, त्याच्यात वाईट शक्ती शिरली आहे, असे आईला खरेच वाटू लागले, तर ती तातडीची वैद्यकीय परिस्थिती आहे. नसलेले आवाज ऐकू येणे, एकदोन रात्री अजिबात झोप नसूनही अंगात प्रचंड उत्साह असणे, असंबद्ध बोलणे, क्षणात हसणे आणि क्षणात संशयाने पाहणे ही त्याच आजाराची, म्हणजे प्रसूतीनंतरच्या भ्रम-भासांच्या आजाराची, लक्षणे आहेत. हजारात एक किंवा दोन प्रसूतींनंतर हा आजार होतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, कधी कधी काही तासांत, तो उफाळून येतो. पूर्वी द्विध्रुवीय विकार (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके येण्याचा आजार) असलेल्या स्त्रियांना त्याचा धोका कितीतरी अधिक असतो.

अशा वेळी आईला आणि बाळाला एकत्र एकटे सोडू नये, तिच्याशी वाद घालू नये आणि थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. कोणी जीव देण्याची भाषा केली, तरीही हेच करावे. औषधांचा साठा आणि इजा होईल अशा वस्तू हाताशी राहू देऊ नयेत आणि मदत येईपर्यंत सोबत सोडू नये. जीव देण्याविषयी स्पष्ट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. योग्य उपचार मिळाले तर यातून बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

वडिलांनाही नैराश्य येते का?

येते. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहता, अपत्यजन्माच्या आगेमागे साधारण दहापैकी एका वडिलांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळतात आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना ती अधिक दिसतात. आई आजारी असेल तर वडिलांचा धोकाही वाढतो. पुरुषाचे नैराश्य पुष्कळदा रागाच्या, अबोल्याच्या, कामावर उशिरापर्यंत थांबण्याच्या किंवा दारूच्या रूपाने दिसते, त्यामुळे त्याला बेजबाबदार ठरवले जाते आणि आजार तसाच राहतो. दवाखान्यात बाळाला घेऊन आलेल्या वडिलांना ‘तुम्ही कसे आहात?’ असे कोणी सहसा विचारत नाही. विचारल्यावर पहिल्या खेपेला ‘मला काय होतंय’ हेच उत्तर येते, दुसऱ्यांदा विचारावे.

बाळाविषयी माया वाटत नाही. इतरांना तर पहिल्या क्षणापासून वाटते म्हणे.

अनेकांना पहिल्या क्षणी केवळ सुटल्यासारखे वाटते, काहींना तर काहीच वाटत नाही. ओढ ही एका क्षणात लागायलाच हवी असा नियम नाही. अनेक घरांत ती दूध पाजताना, लंगोट बदलताना, रात्री खांद्यावर घेऊन फेऱ्या घालताना आठवड्या-महिन्यांत जमत जाते. जन्मतःच बाळ छातीशी घ्यायला मिळाले नाही, ते काचेच्या पेटीत राहिले किंवा आई भुलेतून उशिरा जागी झाली, म्हणून नाते कायमचे अधुरे राहिले असे मुळीच नाही. मूल दत्तक घेतलेल्या लक्षावधी आईवडिलांचा अनुभव याला पुरावा म्हणून पुरेसा आहे. माया वाटण्याची वाट पाहत बाळापासून दूर राहण्यापेक्षा उघड्या छातीवर त्याला निजवणे, त्याच्याशी बोलणे चालू ठेवावे. महिने गेले तरी परकेपणा हटत नसेल, तर त्यामागे नैराश्य किंवा प्रसूतीत बसलेला धक्का असू शकतो.

अंगावर पाजत असताना मनाची औषधे घेता येतात का?

बहुतेक वेळा येतात. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांपैकी सर्ट्रालिनचे दुधात उतरणारे प्रमाण फार थोडे असते, म्हणून स्तनपान चालू असताना नव्याने औषध सुरू करायचे झाल्यास डॉक्टर अनेकदा त्यालाच पसंती देतात. ज्या औषधाने पूर्वी गुण आला होता, तेच चालू ठेवणेही पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही म्हणून औषध सोडू नये. लिथियमसारख्या औषधांच्या बाबतीत अधिक काटेकोर देखरेख लागते, आणि व्हाल्प्रोएट हे गर्भाला गंभीर इजा करू शकणारे औषध असल्याने मूल होण्याच्या वयात ते शक्यतो टाळले जाते. अमेरिकेत २०२३ साली खास प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी झुरानोलोन ही केवळ १४ दिवस घ्यायची गोळी मंजूर झाली, पण ती सर्वत्र मिळत नाही आणि ती घेताना पाजावे की नाही हा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा लागतो.

दुधात काही उतरेल या भीतीने औषध न घेणाऱ्या आईच्या मनात एकच पारडे असते. आजारावर उपचार न होण्याचे परिणामही बाळावर होतात आणि ते दुसऱ्या पारड्यात टाकायला हवेत. चालू असलेली गोळी गरोदरपण कळताच स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणे हे तर सर्वांत धोक्याचे.

नुसते बोलून काय होणार आहे?

सौम्य आणि मध्यम नैराश्यात बोलण्यातून होणारे उपचार औषधांच्या तोडीचे ठरतात. त्यांतील एका पद्धतीत मनात आपोआप उमटणारे विचार तपासून पाहायला शिकवतात: बाळाने दूध ओकले, या घटनेवरून ‘मी आई म्हणून नालायक आहे’ इथपर्यंत मन कसे पोहोचले, मधल्या पायऱ्या कोणत्या आणि त्यांतील खऱ्या किती. दुसरी पद्धत नात्यांवर भर देते; नवरा-बायकोंतील कामाची वाटणी, माहेर-सासरचे ताण, नोकरी सुटल्याचे दुःख यांना ती थेट हात घालते.

यासाठी प्रत्येक वेळी मोठा तज्ज्ञच लागतो असेही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना अशा पद्धतीचे साधे प्रशिक्षण देण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा, या सेविकांनी भेटी दिलेल्या नैराश्यग्रस्त मातांपैकी २३ टक्के अजून आजारी होत्या. ज्यांना तितक्याच भेटी मिळाल्या पण हे उपचार मिळाले नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होते. सेविका आजाराची भाषा न करता ‘बाळ नीट वाढावे’ या सर्वांना मान्य असलेल्या हेतूपासून सुरुवात करत, त्यामुळे घरच्यांचा विरोधही मावळत असे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत पुस्तिकेच्या रूपाने इतर देशांसाठी उपलब्ध करून दिली.

झोप कशी मिळवायची? ‘बाळ झोपले की तू झोप’ हा सल्ला काही जमत नाही.

आईला बाळ झोपल्यावरच घरातली बाकीची कामे उरकायची असतात, हे तो सल्ला देणाऱ्याला बहुधा माहीत नसते. तुकड्या-तुकड्यांनी मिळालेल्या आठ तासांपेक्षा सलग चार-पाच तास मनाला अधिक सावरतात, म्हणून रात्र वाटून घ्यावी. एकाने पहिला प्रहर जागवावा, दुसऱ्याने पहाट. पाजणारी आई असेल तर झोपण्यापूर्वी पाजून किंवा दूध काढून ठेवून तिने दुसऱ्या खोलीत झोपावे आणि त्या वेळात बाळाला घेणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे हे सर्व दुसऱ्याने करावे. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागणे बाळासाठी फार धोक्याचे असते. दमून गेल्याचे जाणवताच त्याला पाठीवर, सपाट आणि मोकळ्या अंथरुणावर निजवावे. संधी असूनही झोप न येणे आणि झोपेची गरजच न वाटणे या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगण्याजोग्या आहेत.

घरच्यांनी आणि मित्रमंडळींनी नेमके काय करावे?

बाळाला पाहायला यावे, पण बाळ मागून घेऊन आईला चहा करायला पाठवू नये. ‘काही लागले तर सांग’ हे वाक्य कितीही मनापासून म्हटले तरी खचलेल्या माणसाला मागता येत नाही. त्याऐवजी ‘मंगळवारी दुपारी दोन तास मी येते, तू झोप’ असे ठरवून टाकावे. धुतलेल्या दुपट्यांच्या घड्या घालणे, मोठ्या मुलाला बाहेर फिरवून आणणे, डॉक्टरांची वेळ घेऊन तिथवर सोबत जाणे, हे खरे साहाय्य. ‘आम्ही चार-चार मुले वाढवली, आम्हाला कुठे काय झाले?’ हे वाक्य टाळावे. त्या काळातही झाले असेल. विचारणारे कोणी नव्हते. दूध कमी-जास्त आहे, बाळ बारीक दिसते, अशी शेरेबाजी तर घराबाहेरच ठेवून यावी.

एवढ्याशा बाळाला कसले आले आहे मन?

नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसते, आणि पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. पोटात ऐकलेला आवाज ते जन्मतःच ओळखते. दीड-दोन महिन्यांचे झाले की हसण्याला हसून उत्तर देते. बाळाच्या मनःस्वास्थ्याचा अर्थ एवढाच की, त्याला भावना अनुभवता याव्यात, त्या आवरायला जवळच्या माणसाची मदत मिळावी आणि त्या आधारावर त्याने जग धुंडाळावे. ही घडण नात्यातच होते. म्हणून आईवडिलांच्या मनाची आणि बाळाच्या मनाची काळजी या दोन वेगळ्या फाइली करता येत नाहीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग याचे उत्तम उदाहरण आहे. काही महिन्यांच्या बाळाशी आई नेहमीसारखी हसतबोलत असते. मग तिला सांगितले जाते की, दोन-तीन मिनिटे बाळाकडे पाहायचे, पण चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून पाहते, हुंकार देते, हात पुढे करते, अंगाला झोके देते. आईला परत बोलावण्याच्या आपल्या सगळ्या युक्त्या ते एकामागून एक वापरून बघते. काही उपयोग होत नाही असे दिसले की ते मान वळवते, स्वतःच्या हातांकडे पाहत बसते आणि बहुधा रडू लागते. हा प्रयोग ऐकून अनेक आया धसकतात, म्हणून त्याचा दुसरा भाग सांगणे आवश्यक आहे. आई पुन्हा हसली, तिने जवळ घेतले की थोडा वेळ कुरकुर करून बाळ पूर्ववत खेळू लागते. शिवाय ट्रॉनिक यांनाच असे आढळले की, अगदी सुरळीत चाललेल्या मायलेकरांतही सूर जुळलेला असतो तो जेमतेम एक तृतीयांश वेळ. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणे यांत जातो. बाळ शिकते ते या पुन्हा जुळण्यातून. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनीही आई सर्वगुणसंपन्न नव्हे, ‘पुरेशी चांगली’ असावी असेच मांडले होते.

बाळ संध्याकाळी तासन्‌तास रडते, काही केल्या थांबत नाही. आमचे काय चुकते?

बहुधा काहीच नाही. निरोगी बाळांचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत उतरते. दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक रडणाऱ्या निरोगी बाळाला पोटशुळाचे बाळ म्हणण्याचा प्रघात १९५४ पासून आहे, मात्र त्याच्या कारणाविषयी अजून एकमत नाही. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, हिरवी उलटी, दूध ओढायचे बंद होणे, मलूल पडणे किंवा नेहमीपेक्षा वेगळा, किंचाळल्यासारखा आवाज असल्यास मात्र लगेच दवाखाना गाठावा.

रडण्याने डोके फिरायची वेळ आली तर बाळाला पाळण्यात पाठीवर निजवून दार लोटावे आणि पाच-दहा मिनिटे दूर जावे. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात त्याला काही सेकंद गदागदा हलवले तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. घरात बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.

सारखे उचलून घेतल्याने सवय लागते का?

पहिल्या काही महिन्यांत तरी नाही. तान्ह्या बाळाला स्वतःचे रडणे आवरण्याची क्षमता अजून आलेली नसते. ती आपल्या कुशीत शांत होता होता येते.

आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळ अनोळखी माणसाला पाहून रडते, आई खोलीबाहेर गेली तरी आकांत करते. पूर्वी सर्वांकडे जात होते.

ही पिछेहाट नसून प्रगती आहे. आई डोळ्यांआड झाली तरी कुठेतरी असते, हे आता त्याला उमगू लागले आहे, पण ती कधी परत येईल हे कळत नाही. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी दाखवून दिले की, बाळ जवळच्या माणसाला आधाराचे ठाणे करून तिथून जग पाहायला निघते आणि भीती वाटली की तिथेच परतते. ते रडते म्हणून नजर चुकवून निघून जाऊ नये. थोडक्यात निरोप घ्यावा, जावे आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे. कपड्याआड तोंड लपवून ‘कुक’ करण्याचा खेळ याच गोष्टीचा सराव असतो.

दोन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेते, मारते, चावते. त्याला शिस्त कधी लावायची?

या वयात इच्छा मोठ्या असतात, शब्द थोडे असतात आणि आवेग आवरणारा मेंदूचा भाग घडायला पुढे वीसेक वर्षे लागणार असतात. आकांत चालू असताना समजावलेले कानांत शिरत नाही. त्याला लागणार नाही एवढे पाहावे, जवळ थांबावे, कमी शब्दांत ‘तुला राग आला आहे, पण मारायचे नाही’ असे म्हणावे आणि मागणी मान्य करून आकांत विकत घेऊ नये. शांत झाल्यावर जवळ घ्यावे. मारण्याने मूल गप्प होते, पण आवेग आवरायला शिकत नाही. शिवाय मोठ्यांनी मारलेले चालते हे शिकते. आपण ओरडलो असलो, तर नंतर ‘मी ओरडलो, तू घाबरलास ना?’ एवढे म्हणण्याने आपला मान कमी होत नाही. आकांत रोज अनेकदा होत असेल, बराच वेळ टिकत असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असून अतिदक्षता कक्षात आहे. आम्ही फक्त काचेतून बघायचे का?

नाही, आणि तसे चालत असेल तर विचारायला संकोच करू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक रुग्णालयांत मुलांना भेटायला आईवडिलांना आठवड्यातून थोडाच वेळ मिळे. मुले रडत नाहीत, म्हणजे रुळली, असे समजले जाई. ब्रिटिश समाजसेवक आणि मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी अशा मुलांची निराशा चित्रित करून दाखवली, आणि १९५९ साली ब्रिटनमधील प्लॅट समितीने आईवडिलांना मुक्त प्रवेश द्यावा अशी शिफारस केली. पुढे कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली बालरोगतज्ज्ञ एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. ती आज जगभर वापरली जाते आणि वडीलही ती करू शकतात. अतिदक्षता कक्षातील दिवसांचा धसका बाळ घरी आल्यावर वर येतो, यंत्राचा आवाज आठवून दचकायला होते, झोपेत तीच दृश्ये दिसतात. असे महिनाभराहून अधिक टिकल्यास त्यावर स्वतंत्र उपचार घ्यावेत.

माझ्या आजारामुळे मुलाचे कायमचे नुकसान झाले असेल का?

दीर्घकाळ उपचारांविना राहिलेल्या तीव्र नैराश्याचा मुलाच्या भाषेवर, वर्तनावर आणि नात्यावर परिणाम होऊ शकतो. परंतु होतोच असे नाही, आणि झालेला परिणाम कोरलेला नसतो. आई बरी झाली, घरात दुसरे प्रेमळ माणूस असले, तर मुले पुष्कळ भरून काढतात. दोन मिनिटे पुस्तक दाखवणे, लंगोट बदलताना त्याच्या हुंकाराला उत्तर देणे, इतके थोडेही अवघड दिवसांत मोजले जाते.

मोबाईल दाखवून बाळाला शांत केले तर बिघडते का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि त्यापुढे पाच वर्षांच्या आत दिवसाला एक तासाची मर्यादा पाळावी, असे सुचवले. दूरच्या आजीआजोबांशी व्हिडिओवर बोलणे हा प्रकार वेगळा, कारण तिथे समोरचा माणूस उत्तर देतो. एखाद्या दिवशी जेवण बनवायला वीस मिनिटे हवी होती म्हणून मोबाईल दिला, त्याची अपराधी टोचणी लावून घेऊ नये. चिंता वाटावी ती मुलाच्या प्रत्येक रडण्याला तोच एक उपाय झाल्यावर.

लहान मुलाला तज्ज्ञांकडे केव्हा न्यावे?

तीन महिने उलटून गेल्यावरही बाळ नजर देत नसेल किंवा हसत नसेल, वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारली तरी वळत नसेल, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून काही दाखवत-मागत नसेल, किंवा येत असलेले शब्द, हावभाव गमावत असेल, तर ‘उशिरा बोलणारी मुले असतात’ म्हणून थांबू नये. त्याचबरोबर विलक्षण शांत, मागणी न करणारे, कोणाच्याही कुशीत सारखेच निर्विकार राहणारे बाळही दाखवावे. असे बाळ ‘गुणी’ ठरते आणि त्याच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते.

पुढच्या बाळंतपणात हे पुन्हा होईल का?

एकदा प्रसूतीनंतरचे नैराश्य येऊन गेले असेल तर पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते, आणि भ्रम-भासांचा गंभीर आजार होऊन गेला असेल तर ती आणखी मोठी असते. म्हणून दिवस राहण्यापूर्वी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, मनोविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांनाही कल्पना द्यावी. औषध चालू ठेवायचे की प्रसूतीनंतर लगेच सुरू करायचे, पहिले सहा आठवडे रात्री कोण जागणार, बिघडू लागल्यास कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून घरातल्या दोघा-तिघांकडे द्यावे. मागच्या वेळी कोणत्या औषधाने किती मात्रेत गुण आला तेही त्यावर असावे. आणि सर्वांत आधी काय बदलले होते, झोप की बोलणे की जेवण, हे आजारी माणसाला सहसा आठवत नाही. ते घरच्यांना विचारून त्याच कागदावर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.